पावणेआठ की पावनेआठ

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याकडचा. नववीत शाळा सोडली. गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या बाईंनी फी न घेता मागच्या बाकावर बसू दिलं, तेवढ्या शिदोरीवर आज तेलंगणातल्या आदिलाबादेत, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात पोट भरतोय. त्या बाईंची आठवण रोज होते. आणि कोणीतरी येऊन "पुरे झालं, घरी जा" म्हणेल, ही धास्तीही रोज असते.

त्या वर्षी तर धास्तीला कारणच होतं. कापसाचा हंगाम तोंडावर आलेला. गावोगावच्या खरेदी केंद्रांवरून मोबाइलवर येणारी वजनं आपोआप बेरजेत धरणारा प्रोग्रॅम मी एक्सेलमध्ये लिहिला होता. जिनिंगचे मालक सेठ म्हणाले, "पहिली गाडी येऊ दे. केंद्राची बेरीज आणि आपला काटा जुळला तर तू राहा. नाही तर हैदराबादहून तयार प्रोग्रॅम मागवतो." तयार प्रोग्रॅम आल्यावर माझं काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

लोकांना वाटतं, आकडा म्हणजे आकडा. कॉम्प्युटरचं तसं नसतं. मेसेजमधून आलेलं वजन म्हणजे त्याच्या लेखी नुसती अक्षरं. त्यांचा आकडा करायला एक हुकूम असतो, 'व्हॅल'. तो फार गरीब स्वभावाचा. इंग्रजी आकड्यांत बाराशे पन्नास लिहून मध्ये स्वल्पविराम टाकला, तर तिथंच थांबतो आणि 'एक' म्हणतो. मराठी '१२' दिलं तर शून्य. काही चुकलंय असं ओरडत नाही, हेच त्याचं वाईट.

आणि तामसी या इथल्याच मराठी बोलणाऱ्या गावाच्या केंद्रावरचे काका वजनं लिहायचे ती मराठीत आणि अक्षरी. साडे सात, सव्वा नऊ. किराणा दुकान चालवणारा वयस्क माणूस. त्यांना इंग्रजी आकडे लिहा म्हणायला माझी जीभ रेटेना. मग प्रोग्रॅमलाच मराठी शिकवली. सव्वा दिसलं की पुढच्या आकड्यात पाव मिळवायचा, साडे दिसलं की अर्धा, पावणे दिसलं की पाव वजा करायचा. दीड आणि अडीच यांची सोय वेगळी. अनोळखी शब्द आला तर सोडून द्यायचा, कारण काका मधेच "राम राम" घालायचे. झाल्यावर माझं मलाच कौतुक वाटलं.

हंगामाची पहिली गाडी तामसीहूनच आली आणि दुपारी काट्यावर चढली. रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, तर कापूस माझ्या बेरजेपेक्षा चांगलाच कमी भरला. सेठ घड्याळाकडे बघत म्हणाले, "मी जेवून येतो."

ऑफिसातल्या क्लार्क ताई रोज तामसीहून बसने येतात. त्यांनी काकांना फोन लावून स्पीकर सुरू केला. मी स्क्रीनवरचं एकेक वजन वाचू लागलो.

"आठ क्विंटल," मी म्हटलं.

"आठ कुठले? पावनेआठ!"

"काका, इथं आठच दिसतंय."

"अरे बापू, मी पावने आठ लिवलं. आठ असते तं नुसतं आठ लिवता येत नाही काय मले?"

ताई आधी गालातल्या गालात आणि मग मोठ्यानं हसायला लागल्या. "दादा, तुमी पावणे शोधून राह्यले. 'ण'! आमच्या इकडं 'ण' कोन म्हनते? पानी, लोनी, पावने!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मले काय मालूम, तुमचं कॉम्प्युटर कोल्हापूरचं हाय म्हनून!"

म्हणजे माझ्या प्रोग्रॅमनं काकांच्या प्रत्येक 'पावने'ला 'राम राम'च्या पंगतीत बसवून सोडून दिलं होतं. मी 'पावणे'च्या खाली 'पावने' लिहिलं. ताईंनी सुचवलं म्हणून 'पाऊने'ही लिहिलं. पुन्हा बेरीज मारली. आकडा खाली आला आणि काट्याशी येऊन बसला.

सेठ परत आले. "बैठा क्या?"

"बसला," मी म्हटलं.

त्यांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं, ताईंकडून सगळी हकिगत ऐकली, पण हसले नाहीत. "बाकी गावांत आणखी काय काय बोलत असतील?" ते म्हणाले. मला वाटलं, गेलं आता. तर म्हणाले, "उद्यापासून एकेका केंद्रावर जाऊन बस. लोक वजन कसं सांगतात ते ऐकून ये. हैदराबादवाल्याला कळणार आहे का हे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तामसीच्या बसमध्ये बसलो. काकांनी दुकानापुढं खुर्ची टाकली, चहा मागवला आणि जमलेल्या चौघांना म्हणाले, "हे पाहा आमचे कॉम्प्युटरवाले. बापू, बोला बरं तुमच्या बोलीत एकदा!"

"पावणेआठ," मी म्हटलं.

सगळे खळखळून हसले. एकानं पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं, आणि चहाचा घोट घेतला.