त्रेसष्टची सोंगटी

गणेशोत्सवाचा पाचवा दिवस, रविवार, दुपारचे तीन. तंबोल्याची तिकिटं चाळीस, दर वीस रुपये, जमा आठशे. त्यातले तीनशे वीस फुल हाऊसला. हजर आमच्या मंडळाची बावीस माणसं. त्यांत आकडे पुकारायला फोन घेऊन बसलेली माझी मुलगी, पैसे सांभाळणारा मी, आणि शेजारच्या काकू. दसऱ्यानंतर काकू झाशी सोडून मुलाकडे पुण्याला कायमच्या जाणार होत्या. त्याआधी एकदा तरी फुल हाऊस लागावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तंबोला आमच्याकडे रेल्वे कॉलनीतून आला. कॉलनीत तो साहेबांच्या क्लबातून आला, असं वडील सांगायचे. लहानपणी आम्ही सतरंजीवर बसून खेळायचो. तिकिटं जाड पुठ्ठ्याची, दरवर्षी तीच. त्यामुळे पेनानं खूण करायची नाही, आकड्यावर चिंचोका ठेवायचा. कोणी उठताना पदर लागला की चिंचोके उडायचे आणि भांडण व्हायचं. काकूंचे यजमान, म्हणजे काका, गाडीवर गार्ड होते. खारव्याच्या जाड कापडी पिशवीतून ते आकड्याची लाकडी सोंगटी काढायचे आणि आधी मराठीत, मग हिंदीत पुकारायचे: "बावीस, बाईस! दोन बदकं तळ्यात!" सोंगटी फळीवरच्या खाचेत बसली की टक्‌ असा आवाज यायचा. तो आवाज मला अजून आठवतो.

आता गोव्याच्या कॅसिनोत म्हणे यंत्र आकडे काढतं आणि पडद्यावर दाखवतं. आमच्याकडे यंदापासून फोन आला. तिकिटं मात्र जुनीच ठेवली, कारण काकूंनी आपलं तिकीट सोडायला साफ नकार दिला. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत काकांनी ते त्यांना घेऊन दिलं होतं. त्यावर एखादी ओळ लागायची, फुल हाऊस कधीच नाही.

त्या दिवशी काकूंचा एकच आकडा राहिला. फोन बोलला, "सिक्स थ्री, सिक्स्टी थ्री." काकूंनी चिंचोका ठेवला आणि तिकिटाकडे बघत बसल्या. पुढचा आकडा आला. समोरच्या घरातली नवी सून ओरडली, "हाऊस!"

मी तिचं तिकीट तपासलं. बरोबर होतं. तेवढ्यात तिचं लक्ष शेजारी गेलं. "अरे, काकूजी का तो पहले हो गया! भैयाजी, देखिए ना."

काकूंचे पंधराच्या पंधरा आकडे झाकलेले होते.

"काकू, बोलला का नाहीत?"

"सवय नाही रे," काकू म्हणाल्या. "पुढचा आकडा आला ना? मग बाद. नियम तुझ्याच वडिलांचा आहे."

नियम तसाच होता. मला तो मोडता येईना आणि पाळवतही नव्हता.

काकू पुन्हा तिकिटाकडे बघून म्हणाल्या, "त्रेसष्ट मी आज पहिल्यांदाच ऐकला."

हे मला खटकलं. कपाटातून जुनी पिशवी काढली आणि सोंगट्या दहा-दहाच्या ओळींत मांडल्या. सातव्या ओळीत बासष्टनंतर चौसष्ट. एकूण एकोणनव्वद. नव्वद आकडे संपायच्या आत खेळ नेहमीच आटपतो, फळीवर खाचा रिकाम्या राहतातच. त्यामुळे हे कधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. ज्या तिकिटावर त्रेसष्ट, त्याला फुल हाऊस लागणंच शक्य नव्हतं.

 मग काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "बघा! यांनी घरी कधी नावानं हाक मारली नाही. म्हटलं, इथे तरी माझा आकडा पुकारतील. तर इथेही नाहीच!"

"हमें नहीं चाहिए ये पैसे," सून म्हणाली.

"गप. जिंकलीस तू. साडीला फॉल लाव त्यातून."

मी म्हटलं, "काकू, न लागणाऱ्या तिकिटाचे पैसे मंडळानं घेतले. ते परत करायला हवेत."

"आजचं तर लागणारं होतं ना? मग आजचे नकोत. पहिल्या वर्षाचे दे."

"किती होते?"

"चार आणे. यांनी दिले होते."

चवन्नी आता चालत नाही. पण आमच्या देवघरातल्या डबीत एक होती. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर ती काकूंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तिकिटाबरोबर रुमालात बांधली.

फुल हाऊसचे तीनशे वीस रुपये समोरच्या सुनेला दिले. काकूंना चार आणे.