वकीलबाई आणि आक्षेप क्रमांक तीन

जुलैचा शेवटचा रविवार, दुपारी चार. स्थळ: आमच्या सोसायटीचं ऑफिस, पूनम सागर, मीरा रोड. हजर: परबकाका, मनीषाबेन, फ्रान्सिस, वकीलबाई आणि मी. गैरहजर: कोणी नाही. सिनेमा: परदेशात कागदपत्रांशिवाय राहिलेल्या एका माणसाचा, हिंदीत डब केलेला. आक्षेप आले तीन, मंजूर झाले दोन.

वहीत एवढंच आहे. अक्षर माझं आहे आणि नोंद नियमाप्रमाणे आहे. त्या पानावर जे लिहायला हवं होतं आणि मी लिहिलं नाही, ते वकीलबाईंचं होतं. म्हणून हे वेगळं लिहायला बसले आहे.

वकीलबाई वकील नव्हत्या. गोडदेवला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्या साड्यांना फॉल-पिको करून देत. पण सिनेमातल्या कुठल्याही माणसाची चूक कोणी काढली की त्या त्याची बाजू घेत, म्हणून परबकाकांनी त्यांना हे नाव ठेवलं. एका भुताच्या सिनेमात भूत चपला घालून जिना उतरलं. मनीषाबेन हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बेतात होत्या. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "जिना दगडी आहे. जिवंतपणी पायांना भेगा असतील बाईच्या. सवय लगेच सुटते का?" दुसऱ्या एका सिनेमात नायक घराला कुलूप न लावता गावाला गेला. परबकाका खवळले, तर त्यावर म्हणाल्या, "घरात चोरण्यासारखं नसेल काही. असतं एखाद्याचं."

'असतं एखाद्याचं' हा त्यांचा शेवटचा युक्तिवाद. 

आमची ही पाच जणांची मंडळी मी जमवली. मिस्टर गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि रविवारी दुपारी चारला घर किती मोठं होतं ते मला कळायला लागलं. शेजारी, ओळखीत चौकशी केली तर तसंच चित्र. परबकाका रायगडचे, कारखान्यातून निवृत्त, एकटे. मनीषाबेनच्या दोन्ही मुली लग्न होऊन सुरतेला. फ्रान्सिस पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता. बायको गेल्यापासून समुद्रकाठच्या डोंगरी गावातल्या घरात तो आणि एक मांजर. त्याला बसने यायला तास लागायचा, तरी सगळ्यांत आधी तोच हजर. वकीलबाई एकदा माझी साडी द्यायला आल्या, ऑफिसच्या दारात उभ्या राहून सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, आणि पुढच्या महिन्यापासून दाराजवळची खुर्ची त्यांची झाली. त्यांचे मिस्टर "बाहेर असतात" एवढंच आम्हाला माहीत होतं. गळ्यात मंगळसूत्र होतं. आम्ही कोणी जास्त विचारलं नाही.

नुसता सिनेमा बघून पांगायचं मला पटत नाही. म्हणून पद्धत घालून दिली. सिनेमा संपला की ज्याला जे पटलं नसेल ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं. एकेक आक्षेप मी वाचणार, चर्चा होणार, मग हात वर. बहुमत झालं की आक्षेप मंजूर, म्हणजे गोष्टीत खोट आहे यावर शिक्का. एकदा मंजूर झालेला आक्षेप पुन्हा उघडायचा नाही, नवा मुद्दा असल्याशिवाय. हा नियम परबकाकांसाठी केला होता. ते मार्चमधली भांडणं जूनमध्ये आणायचे.

वकीलबाई येताना मांडीवर घ्यायला साडी आणत. दिवे बंद झाले की अंधारात नुसत्या बोटांनी चाचपत फॉलला हातशिलाई घालायच्या, आणि उजेडात बघावं तर टाका टाक्याला सारखा. रंगाचं त्यांना फार होतं. दोऱ्याचं रीळ खिडकीशी नेऊन साडीला लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, ताई. तिच्यात सगळंच जुळतं." सिनेमा रंगला की त्यांची सुई थांबे. त्या जुलैच्या रविवारी सुई पहिल्या दहा मिनिटांत थांबली ती पुन्हा चाललीच नाही. सिनेमा त्यांना आवडला, असं मी मनात टिपून ठेवलं.

गोष्ट साधी होती. एक माणूस फिरायला जायच्या कागदांवर परदेशी जातो आणि तिथल्या मोठ्या भटारखान्यात भांडी घासायला राहतो. पासपोर्ट मालकाकडे. मुदत संपते, कागद संपतात, माणूस तिथेच. पहिली दोन वर्षं तो दर शुक्रवारी बायकोला फोन करतो. मग फोन बंद. का, ते सिनेमाभर कोणी सांगत नाही. केस पिकल्यावर तो परत येतो आणि दारात उभा राहतो, तिथे सिनेमा संपतो.

पहिला आक्षेप परबकाकांचा: धाड पडली तेव्हा तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तासभर लपतो आणि खिशातला मोबाइल पुढच्या प्रसंगात चालू कसा? मंजूर. दुसरा मनीषाबेनचा: घरमालक इतकी वर्षं कागद कसे मागत नाही? वकीलबाई म्हणाल्या, "मागितले तर खोली रिकामी पडेल ना त्याची." फ्रान्सिसनेही मान हलवली. "बंदरावर असे किती बघितले मी. कोणी इचारत न्हाय." नामंजूर.

तिसरा आक्षेप माझा होता. फोन का केला नाही?

मी तयारीने बोलले. सिनेमा चालू असताना कागदावर खुणा केल्या होत्या. "फोन बंद झाल्यानंतर सहा प्रसंगांत त्याच्या हातात मोबाइल आहे. एकात तो जेवण मागवतो, एकात क्रिकेटचा स्कोअर बघतो. बायकोचा नंबर त्याला पाठ आहे, सुरुवातीला दाखवलंय. मग इतकी वर्षं फोन न करायला कारण काय? कारणच नाही. लिहिणाऱ्याला शेवटी रडवायचं होतं, म्हणून फोन बंद केला."

"एकदम करेक्ट!" परबकाका म्हणाले. "स्कोअर बघायला वेळ आहे साहेबांना!"

"वो तो भूल गया होगा बीवी को," मनीषाबेन म्हणाल्या. "दुसरी मिळाली असेल तिकडे. मर्द आदमी है."

"दुसरी कुठे दाखवली?" वकीलबाईंचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "फोन केला की पहिला प्रश्न काय येतो? कधी येणार. त्याला उत्तर नव्हतं त्याच्याकडे. एकदा सांगितलं दिवाळीला येतो, एकदा सांगितलं गणपतीला. तिसऱ्यांदा काय सांगायचं माणसाने?"

"अहो, हे सिनेमात कुठे आहे?" मी विचारलं.

"सिनेमात नाही."

"मग धरता येणार नाही."

"वकीलबाई, आज अशील हरला तुमचा," परबकाका हसले. हात वर झाले. चार विरुद्ध एक. वकीलबाईंनी साडीची घडी घातली, सुई ब्लाउजच्या बाहीला टोचली आणि मला म्हणाल्या, "माझा हात विरोधात होता. तसं लिहा."

"वहीत विरोधाला रकाना नाही," मी म्हटलं. मी 'बहुमताने मंजूर' लिहून वही मिटली.

मंगळवारी त्या माझ्या घरी आल्या. साडी नव्हती, पिशवी नव्हती. सोफ्याच्या कडेवर टेकल्या. "ताई, ते तिसरं मागे घेता येतं का?"

मला हसू आलं. "एवढं काय मनावर घेता? सिनेमाच तो."

"घेता येतं का?"

"नवा मुद्दा लागेल. काही पुरावा वगैरे."

"पुरावा नाही," म्हणाल्या आणि उठल्या. चहा ठेवलेला तसाच राहिला.

ऑगस्टच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मी 'गैरहजर: एक' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी एक साडी घेऊन गोडदेवला गेले. साडीला फॉल लावायची घाई नव्हती. जायला निमित्त हवं होतं. खोलीत मशीन, भिंतभर रिळं आणि फळीवर एक बटणांचा फोन चार्जिंगला लावलेला. मी बसते न बसते तोच तो वाजला. मांडीवरचं कापड खाली पडलं, रीळ घरंगळत पलंगाखाली गेलं. तीन पावलांत त्या फोनपाशी. कानाला लावला, आणि आतलं कर्जाच्या जाहिरातीचं रेकॉर्ड केलेलं बोलणं मी बसले होते तिथवर ऐकू आलं. त्यांनी फोन जागेवर ठेवला. वायर नीट लावली. मग वाकून रीळ शोधायला लागल्या. पाठमोऱ्या असतानाच बोलल्या.

"हा नंबर मी कोणाला देत नाही, ताई. गिऱ्हाइकांनाही नाही. त्यांना एवढाच पाठ आहे."

त्यांचे मिस्टर आखातात गेले ते असेच, फिरायच्या कागदांवर. मग मुदत संपली. तीन वर्षं शुक्रवारचा फोन आला. चौथ्या वर्षी थांबला. नंतर त्यांच्या रत्नागिरीकडच्या गावातला एक जण तिथून परत आला. त्याने मिस्टरांना एका गॅरेजात पाहिलं होतं. बरे होते. हातात फोन होता.

"म्हणजे जिवंत आहेत, फोन आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आता दोनच गोष्टी उरतात. जमलं नाही, नाहीतर करायचा नव्हता. अकरा वर्षं मी जमलं नाही यावर काढली. तुम्ही हात वर करून पाच मिनिटांत ठरवलंत."

मला जे येतं तेच मी केलं. पर्समधून कागद काढला. वकिलातीला अर्ज, पासपोर्टचा जुना नंबर, त्या गाववाल्याचा जबाब, गॅरेजचं नाव. चार ओळी झाल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"यादी नको. शोधलं आणि सापडले, तर?"

मी पेन बंद केलं. त्यांनी पुढे एवढंच सांगितलं, की रविवारच्या मंडळींना यातलं काही कळता कामा नये. "कीव करतील. मग सिनेमा बघतील का माझ्याकडे बघतील?"

सप्टेंबरमध्येही त्या आल्या नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या इमारतीवर धोकादायक म्हणून पाटी लागली आणि सगळ्यांना खोल्या सोडायला सांगितलं. मी माझ्याकडे राहायला या म्हटलं. रिकामी खोली होतीच. त्या म्हणाल्या, भाऊ गावाला बोलावतोय. सामान टेम्पोत चढवताना मी मदतीला होते. मशीनला चादर गुंडाळून दिली. फोन त्यांच्या हातात होता. निघताना माझ्याकडून कागद मागितला आणि त्यावर नंबर लिहून दिला. "तुमच्याकडे असू दे. अगदीच नड असली तर. मेसेज नका टाकू, कंपन्यांचे येतात, मी उघडत नाही."

टेम्पो वळला. मला तेव्हा कळलं, की दोन वर्षांत मी त्यांचं नाव एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या वहीत दर महिन्याला 'वकीलबाई' एवढंच आहे.

नोव्हेंबरच्या रविवारी हजर चार. सिनेमा लावण्याआधी मी म्हटलं, "जुलैचा आक्षेप क्रमांक तीन पुन्हा घ्यायचा आहे."

"का?" परबकाका म्हणाले. "सेक्रेटरीबाई, नियम तुमचा आहे. नवा मुद्दा काय?"

वकीलबाईंना दिलेला शब्द मोडायचा नव्हता. तयारी केली होती, कागद हातात होता, त्यावरचं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. शेवटी पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला.

"यात माझ्या भावाचा नंबर आहे. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. कशावरून ते आता नीट आठवतही नाही. रोज मी यावर दूध मागवते, विजेचं बिल भरते, पुण्याला बोलते. त्याचं नाव यादीत तिसरं येतं. मनात नाही असं नाही. पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरत नाही. आणि जितकी वर्षं जातात तितकं ते वाक्य अवघड होतं. माझ्यावर कोणी सिनेमा काढला तर मीच चिठ्ठी टाकीन, की हे पटत नाही."

मनीषाबेननी चष्मा काढून पदराने पुसला. "सुरतवाली बडी वाली," त्या म्हणाल्या, "राखी के बाद से..." फ्रान्सिस म्हणाला, "वकीलबाई बोलली तवा आपुन हसलो. हसायचं नव्हतं."

परबकाकांनी वही माझ्याकडे सरकवली. "घ्या. हात वर करा. आणि वहीत नीट लिहा, नाहीतर पुन्हा म्हणाल रकाना नाही."

चार हात वर झाले. जुलैच्या पानावर मी तिरकी रेघ मारली, बाजूला लिहिलं: आक्षेप क्रमांक तीन रद्द, एकमताने. त्याखाली, वकीलबाईंचा हात पहिल्यापासून विरोधात होता, हेही लिहिलं. मग करायच्या कामांत घातलं: वकीलबाईंना कळवणे.

ते काम अजून आहे. गावाचं नाव मला माहीत आहे, पण भावाचं नाव नाही, त्यामुळे पत्र जाणार नाही. गोडदेवची इमारत रिकामी आहे; तिथे विचारायला कोणी उरलेलं नाही. नंबर तेवढा आहे. दोनदा मी तो पूर्ण दाबला. पण फोन लावायची कळ दाबली की तिकडे फोन वाजणार. मांडीवरचं काम टाकून त्या उठणार, आणि फोनपर्यंत पोचायला लागणाऱ्या तीन पावलांत त्यांना काय वाटेल ते मी गोडदेवला पाहिलं आहे. मग कानाला लावल्यावर माझा आवाज. "वकीलबाई, मी बोलतेय, मीरा रोडहून."

मी दोन्ही वेळा नंबर पुसला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला झालेली कामं खोडून उरलेली नव्या पानावर उतरवते. हे एक प्रत्येक पानावर उतरतं आहे.