गाळलेली घरघर

हे मी लिहावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिवाय ज्या डोंगराबद्दल लिहितोय तो मी पाहिलेलाही नाही. परदेशात शिकायला येऊन, बुकित बातोक या उपनगरातल्या एका फ्लॅटमधल्या भाड्याच्या खोलीत बसून फक्त ऐकलाय. चुकलं तर माफ करा.

तो डोंगर वाळवंटात एकटाच उभा आहे. पायथ्याशी झरा. आसपास दुसरं पाणी नाही. सकाळी तिथे पखुर्ड्या येतात, पारव्याएवढे वाळूच्या रंगाचे पक्षी. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि दूर उडत जाऊन पिल्लांना ती चोखायला देतो. आमच्या प्रोफेसरांनी झऱ्याशी रेकॉर्डर ठेवला होता. तिथला राखणदार मेमरी कार्डं पाठवायचा, मी त्यातले पक्ष्यांचे आवाज ऐकून नोंदवायचो. दर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तो घसा खाकरायचा. मला ती ओळखच वाटायची.

२०१६ साली, ऐन पिल्लांच्या हंगामात, आवाज कमी होऊ लागले. वाऱ्याचा त्रास नको म्हणून लॅबमध्ये खालचे सूर गाळूनच ऐकायची पद्धत होती. कारण शोधायला एके दिवशी मी मूळ, न गाळलेली फाइल लावली. हेडफोन बिघडलेला, म्हणून स्पीकरवर.

घरमालकीण काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय रे, मोटार कोणाची चालू आहे?"

"काकू, हा वाळवंटातला डोंगर आहे."

"असू दे की! पुण्यात सोसायटीची मोटार ऐकण्यात माझा जन्म गेला. कुणीतरी पाणी खेचतंय. बस तू पक्षी ऐकत!"

मी हसलो. मग हसू राहिलं नाही.

जुन्या फाइली उघडल्या. तीच घरघर, कार्डागणिक लांबत गेलेली. आम्ही ती गाळत होतो. आणि शेवटच्या कार्डात खाकरणं नव्हतं. मग कार्ड पाठवलं कोणी?

मी हे सांगितल्यावर प्रोफेसरांनी राखणदाराला मेल केली, फोन केले. पुन्हा पुन्हा लावत राहिले. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एसीची घरघर ऐकली तरी मी कान देऊन ऐकत राहायचो.

परीक्षा संपल्यावर प्रोफेसरांनी मला बोलावून घेतलं. राखणदाराचा निरोप आला होता. मोटारीला आडवा गेला म्हणून पाणी खेचणाऱ्यांनी त्याला हाकललं होतं; शेवटचं कार्ड त्यानेच, कुणाला कळू नये म्हणून न खाकरता लावून, जाता जाता पाठवलं होतं. तो सुखरूप होता, नंतर एकदा लपून डोंगरापाशी जाऊनही आला होता. मोटार बंद होती, कारण खेचायला पाणीच उरलं नव्हतं.

पखुर्ड्या अजून सकाळी येतात, असं त्याने कळवलं होतं. कोरड्या वाळूत पोट घासतात आणि उडून जातात.