हळद मुरबाडला आली

"मी चालले!"

"कुटं चालल्या? हाताला सलाईन हाय!"

"त्याला बी घेऊन चालले."

"आजी, न्यूमोनिया झालाय तुमाला."

"डॉक्टरला झाला असंल. मला टोकावड्याची एस.टी. धरायची हाय. माझी चप्पल कुटं लपवली गो?"

गाठोडं काखेत मारून, सलाईनचा स्टँड बकरीसारखा ओढत सकुबाई दारापर्यंत पोचली होती. दारात पौर्णिमा सिस्टर दोन्ही हात पसरून कबड्डीच्या पवित्र्यात. मुरबाडच्या स्टँडामागचं ते छोटंसं नर्सिंग होम, साल दोन हजार दोन, लग्नसराईचा मे महिना. खाटांवरचे पेशंट उठून बसले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पौर्णिमा तानशाजवळच्या गावातली, घरातली पहिली नोकरदार. पळणारे पेशंट तिला नवे नव्हते. कुणी भातलावणीसाठी पळे, कुणी व्यालेल्या म्हशीसाठी. एक नथू तर भाजीत मीठ नाही म्हणून खिडकीतून उतरला होता. शहापूरहून संध्याकाळी येणाऱ्या डॉक्टरांचा नियम सोपा होता: जायचं तर कागदावर अंगठा द्या, पुढं तुमचं तुम्ही बघा. पौर्णिमाचा नियम त्याच्या आधीचा. अंगठ्याअगोदर चहा.

तिनं सकुबाईला बाकावर बसवलं, कप हातात दिला.

"आता सांगा, एवढी घाई कुणासाटी?"

"हळदीसाटी! आज माझ्या नातवाची, संदेशची हळद. मी धवळारीण हाय गो. मी लग्नाचे धवळे गायल्याबिगर नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाय."

"दुसरी कोण गाणारी नाय?"

"हाय ना. कमळ!" हे नाव तिनं असं काही उच्चारलं की शेजारच्या खाटेवरची सावळी नावाची पेशंट प्लास्टरच्या पायासकट दचकली. "गेल्या साली धवळ्यात देवांना बोलवायच्या आधी व्याह्यांना बोलवून बसली ती! माझ्या नातवाच्या मांडवात देव ताटकळत ठेवू?"

बोलता बोलता खोकला आला. थांबेचना. ओठ काळेनिळे पडले. पौर्णिमा पाठ चोळत राहिली आणि श्वास बसल्यावर हळूच म्हणाली, "अडवनार नाय मी. तुमचा जीव, तुमचा अंगठा. पन रस्त्याची धूळ, मांडवातला धूर... ही छाती नाय टिकायची. उद्या नवऱ्याला हळदीऐवजी सुतक लागंल."

सकुबाईनं गाठोडं काखेतून काढून मांडीवर ठेवलं.

"मंग पोरी, मी काय करू?"

पौर्णिमानं टोकावड्याच्या दुकानात फोन लावून सकुबाईच्या मुलाला बोलावून घेतलं. "आजी येऊ शकत नाय. तुमीच हळद घेऊन या."

तिच्या मनात होती एक वाटी आणि ती घेऊन येणारा एक माणूस. आजीनं वाटीवर दोन ओळी गायच्या, वाटी परत मांडवात. तिच्या घरची लग्नं पांढऱ्या कपड्यांत, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं, अर्ध्या तासात उरकणारी. हळद एकटी प्रवास करत नाही, हे तिला कोण सांगणार? हळद निघाली की नवरा निघतो. नवरा एकटा सोडायचा नसतो म्हणून करवल्या निघतात. करवल्या निघाल्या की वाजंत्री घरी बसून काय करणार?

चार वाजता सनई वाजवत टेम्पो फाटकात शिरला.

"सिस्टर," सकुबाईचा मुलगा धाऊ डोक्यावर पाट घेऊन उतरला, "नवरा कुटं बसवू? ऑपरेशनच्या खोलीत?"

"बाहेर! व्हरांड्यात! आनि चूल पेटवाल तर बघा!"

सकुबाई खुर्चीत बसली. पौर्णिमानं मनगट धरलं. "दोन ओळी, मग श्वास. कबूल?"

"कबूल गो बाय."

आवाज फाटका होता, पण चढला. संदेश पिवळा झाला, करवल्या पिवळ्या झाल्या, मग पेशंट. सावळी प्लास्टर आपटून ताल धरायला लागली. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली.

"सिस्टर! हे काय चाललंय?"

"सर, पेशंट पळाली नाय."

डॉक्टर आणखी काही बोलणार, तोच एका करवलीनं त्यांचे दोन्ही गाल रंगवले.

आणि देवांना बोलवायच्या जागी सकुबाईचा श्वास संपला. तोंड उघडं, सूर नाही. सनई थांबली. पौर्णिमाच्या बोटाखाली नाडी धावत होती. टेम्पोच्या मागून कुणीतरी ओळ उचलली. कमळ. पदर चावत मागं लपलेली ती पुढं आली. कुलदेव, गावदेव, शिवेवरचा वेताळ, सगळे रांगेनं बोलावले. मग सकुबाईच्या मेलेल्या नवऱ्यालाही नावानं हाक मारली. व्याही त्यानंतर.

हळद पुरी झाली. कमळ भीत भीत खुर्चीपाशी आली.

"मामी, चुकला का काय माझा?"

सकुबाईनं तिच्याकडं पाहिलं. वाटीतली उरलेली हळद बोटावर घेतली, तिच्या गालावर फासली, सलाईनचा स्टँड धरला आणि कुणी न सांगता आपल्या खाटेकडं निघून गेली.