सोळा नंबरची चिठ्ठी

सुखदेवभाऊची खबर पोलीस पाटलाला मीच दिली होती.

आज भाऊला जाऊन एक वर्ष झालं. आता लिहितो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. कुरखेड्याजवळचं आमचं गाव. भाऊ जातीनं ढिवर. तलावात मासे धरायचा, बसनं ब्रह्मपुरीच्या बाजारात नेऊन विकायचा.

मासे बांधायला घेतलेल्या रद्दीत त्याला एक स्पोर्ट्स मॅगझिन सापडलं. कव्हरवर अर्जेंटिनाचा एक फुटबॉलपटू.

त्याचं नाव गावात कोणालाच धड घेता येईना. जर्सीवर १६ होतं, म्हणून सगळे 'सोळा नंबर' म्हणायचे.

मग भाऊ दर बाजाराला रद्दीत त्यालाच शोधायचा. सोळा नंबर इटलीच्या क्लबात गेला, पेपरात अर्धं पान. एका मॅचमध्ये दोन गोल मारले, पुन्हा कव्हर.

मग त्याचा गुडघा गेला.

फोटो लहान होत गेला. शेवटी कोपऱ्यात दोन ओळी. भाऊनं त्याही कापून भिंतीला चिकटवल्या.

मी म्हटलं, "आता कोन विचारते त्याले?"

"म्हणूनच तं. कव्हरवर होता तवा सारेच पाहे."

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजातल्या सरांकडून त्यानं इंग्रजीत पत्र लिहून घेतलं आणि क्लबच्या पत्त्यावर टाकलं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं.

गावाचं टपाल माझ्या किराणा दुकानात ठेवून जायचे. जाड पाकीट, परदेशी तिकीट. मला खटकलं. सातवी शिकलेल्या माणसाला तिकडून कोण लिहितं? काऊन?

आमच्या भागात तेव्हा नक्षल्यांची आणि पोलिसांची भीती, सगळेच एकमेकांकडे तिरपं पाहायचे.

मी ते पाकीट पोलीस पाटलाला नेऊन दिलं.

भाऊला ठाण्यात बोलावलं. सलग तीन दिवस.

"हे कोनती भाषा हाये?"

"मले नाई समजत, साहेब."

"मंग तुलेच काऊन आली?"

आत सोळा नंबरचा फोटो होता, मागे चार ओळी. कोणालाच वाचता येईनात, म्हणून संशय आणखी वाढला.

शेवटी सरच स्पॅनिश डिक्शनरी घेऊन आले. ठाण्यातच बसून अर्थ लावला.

'माझं खेळणं संपलं. इतक्या दूर कोणी माझे फोटो जपतं, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.'

भाऊ सुटला. फोटोही परत मिळाला, स्टेपलरची भोकं पडलेला.

भाऊनं मला काहीच विचारलं नाही. तेल-मीठ माझ्याच दुकानातून नेत राहिला.

मग माझाच जीव खालीवर. याला माहीत आहे का? हसला तर वाटायचं, का हसला? घरी मासे आणून दिले, तर मी बायकोला म्हणायचो, "फुकट काऊन देते हा?"

अशी कितीतरी वर्षं गेली.

मागच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. सगळं सांगायचं ठरवून मी गेलो. तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"अरुण, तुले पोलिसायचा भेव नोता. ढिवराच्या घरी परदेशाची चिठ्ठी येते, हे तुले पचलं नाई."

एक शब्दही खोटा नव्हता.

तसाच उठून घरी आलो. माफी मागायची हिंमत गोळा करायला मला चार दिवस लागले.

तेवढा तो थांबला नाही.

सुखदेवभाऊ, आज सगळ्यांसमोर म्हणतो. चुकलो. माफ कर.

तुला मनापासून नमस्कार.