रमिलाच्या पोस्टखाली मी ‘खोटं’ लिहिलं

मी गाव सोडलं तेव्हा ओहोटी होती. दारात टेम्पो उभा. त्यात एक लोखंडी कॉट, दोन ट्रंका, पाण्याचा हंडा आणि मी. माझी मुलगी वनिता पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि मागे वळून वळून विचारत होती, "नाना, काही राहिलं का?" काय राहिलं ते तिलाही ठाऊक होतं. तिची आई जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

आळीतली माणसं जमली होती. रडलं कुणी नाही. शेजारचा धर्मा म्हणाला, "जा, जा. तिकडे डोंगरात काय पकडशील, बेडूक?" मी म्हणालो, "पकडला तर तुझ्यापेक्षा मोठा पकडीन." माझा बाप सांगायचा, निघताना गोड बोलतो तो परत येत नाही. म्हणून आमच्यात निघणाऱ्याला टोमणाच मारतात. बाहेरच्याला वाटेल भांडण चाललंय.

आमची वाडी वाढवणच्या अलीकडे. तुमच्यापैकी कुणी म्हणाल, नाना तिथं होणाऱ्या बंदराला घाबरून पळाला. तसं नाही. बंदराविरुद्धच्या मोर्चाला मी दोनदा गेलोय, गुडघा दुखत असताना. मी निघालो कारण होडी विकली होती आणि घरात मी एकटा भांड्यांशी बोलायला लागलो होतो. वनिता म्हणाली चला, मी म्हणालो चल. विवळवेढ्याला महालक्ष्मीसमोर टेम्पो थांबवला, उतरून हात जोडले, मागितलं काही नाही. पुढे तलासरी, तिथून आत उधवा. स्थलांतर म्हणाल तर एवढंच. सकाळी निघालो, जेवायला पोचलो. पण चाळीस वर्षं होडीवर काढलेल्या माणसाला ते परदेशापेक्षा लांब पडलं.

उधव्यात वनिताचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जावई सेलवासला कारखान्यात जातो. दुकानात मराठी चालते, गुजराती चालते, वारली चालते, साहेब आला की हिंदी. मी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माशांच्या गोष्टी सांगायचो. गिऱ्हाईक फॉर्म भरायचं सोडून ऐकत बसायचं. एक दिवस वनितानं माझ्या हातात जुना फोन दिला. म्हणाली, "नाना, बोलायचं तर यात बोला. हा लिहून घेतो." मी चौथी शिकलेला. पण फोनला शाळेचा दाखला लागत नाही. मी बोलतो, तो लिहितो, चुका वनिता काढते. असा माझा ब्लॉग झाला.

बोंबील वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या आडव्या बांबूवर, कसा टांगायचा, जाळ्याचा फाटका डोळा कसा शिवायचा, वारा फिरला ते अंगाला कसं कळतं, हे सगळं लिहिलं. पण खरं सांगायचं तर प्रत्येक पोस्ट फिरून तिच्यावरच यायची. आमच्या हिच्यावर. ती सुकी मासळी घेऊन याच उधव्याच्या बाजाराला यायची, दर आठवड्याला, आळीतल्या बायकांबरोबर पहाटेच्या टेम्पोनं. मी लिहायचो की ती समुद्राचीच होती, समुद्र दिसला नाही तर तिला घास उतरला नसता, बरं झालं ती तिथेच गेली. पाच-सहा वेळा तरी हे लिहिलं असेल. लोक खाली हात जोडल्याची चित्रं टाकायचे. मला बरं वाटायचं.

डहाणू-तलासरीकडचे आम्ही बारा-चौदा ब्लॉगवाले आहोत. कुणी गावात, कुणी सुरतेला, कुणी दुबईला. आमचा एक ग्रुप आहे. तलासरीचे एक निवृत्त गुरुजी तो सांभाळतात. ते स्वतः रानभाज्यांवर लिहितात. त्यांनी मला सुरुवातीलाच रीत सांगितली. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. घेतला तर खाली नाव द्यायचं. कुणी आपल्याकडे येऊन चार ओळी लिहून गेला, तर आपणही त्याच्याकडे जाऊन वाचायचं. आणि चूक दाखवायची असेल तर आधी चांगलं काय ते बोलायचं. या शेवटच्या गोष्टीला मी हसलो. म्हटलं, "गुरुजी, आमच्याकडे चूक दाखवतात तेच चांगलं समजतात."

आमच्या किनाऱ्यावर होडी आली आणि कुणी म्हणालं आज एवढी मासळी मिळाली, की समोरचा पहिला शब्द बोलतो तो ‘खोटं’. मग सांगणारा चिडतो, पाटी उघडतो, दाखवतो, दोघं मिळून बघतात, विडी पेटते. खोटं म्हणणं म्हणजे बस, बोल, दाखव. मी सत्तर वर्षं हेच ऐकत आलो.

रमिला आमच्या ग्रुपात नवी होती. उधव्याजवळच्या पाड्यातली मुलगी, आता बडोद्याला इस्पितळात नर्स आहे. तिकडे दिवसभर गुजराती बोलते आणि घरी येऊन मराठीत लिहिते. तिनं एक पोस्ट लिहिली, लहानपणीच्या बाजारावर. त्यात सुक्या मासळीची एक बाई होती. डाव्या हाताची करंगळी वाकडी, पाटीपुढे उकिडवी बसणारी, हसताना तोंडावर पदर घेणारी. मी दुकानात स्टुलावर बसून वाचत होतो, ती ओळ परत वाचली. ती करंगळी होडी ओढताना माझ्या समोर मोडली होती.

पुढे रमिलानं लिहिलं होतं, ती बाई मला म्हणायची, पोरी, समुद्राकाठी लग्न करू नको. तो गप्पच बसत नाही. इथं बाजारात आले की मला बरं वाटतं.

मी तिथेच थांबलो. पुढचं वाचलंच नाही. फोन तोंडाजवळ धरला आणि बोललो: "खोटं. ती माझी बायको. समुद्राशिवाय ती एक दिवस राहिली नसती. बडोद्यात बसून तुला उधव्याचं काय आठवणार?" आणि पाठवून दिलं. वनिता आत झेरॉक्स काढत होती, तिला दाखवलंही नाही.

मी वाट बघत बसलो, ती येईल, चिडेल, काहीतरी दाखवेल. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पोस्ट काढून टाकली होती. ग्रुपातूनही गेली.

गुरुजींचा फोन आला तेव्हा वनितानं माझं वाक्य त्यांच्याकडून ऐकलं आणि हातातला कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "नाना, तुम्ही स्वतः घर सोडून आलात ना? मग सोडून गेलेल्या पोरीला हे कसं बोललात?" मी म्हणालो, "मी खरं ते बोललो." ती म्हणाली, "शेवटपर्यंत वाचलंत?" मी फोन उलटा ठेवला. ती म्हणाली, "आईचं कुणीतरी दोन पानं लिहिलं होतं. मी ते वाचलंसुद्धा नव्हतं." आणि आत गेली.

दोन दिवस मी ताठ होतो. मग ते सलायला लागलं. गावात माझ्या वयाची माणसं एकेक करून चाललीत. तिची करंगळी कुणाला आठवते आता? मला, वनिताला आणि बडोद्याच्या त्या पोरीला. आणि तिसरीचं तोंड मी बंद केलं होतं. खाली अजून काय काय लिहिलं असेल, ती आणखी काय बोलली असेल, ते मी माझ्याच हातानं बुडवलं. होडी बुडली तर फळ्या तरी किनाऱ्याला लागतात. फोनमधलं गेलं ते गेलं.

बाजाराच्या दिवशी मी उठलो आणि थेट मासळीवाल्यांच्या रांगेत गेलो. रांगेच्या टोकाला टोपल्या-सुपं विकणारी काशीबाय बसते. म्हातारी आहे, माझ्याहून मोठी. मी विचारलं, इथं आमच्या गावची एक बाई बसायची, करंगळी वाकडी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू तिचा नवरा होय? मला वाटलं, असशील चांगला उंचापुरा."

"ती काय बोलायची गं तुझ्याशी?"

"बोलायची कुठं? माल संपला तरी उठायची नाही. मी म्हणायची, जा गो, टेम्पो सुटेल तुझा. ती म्हणायची, थांब, जरा कान निवू दे."

"कान?"

"कान. तुमच्याकडं म्हणे पाणी सारखं ओरडतं." काशीबायनं सूप माझ्या पुढ्यात सरकवलं. "घेणार असशील तर घे, नाहीतर गिऱ्हाइकाची वाट सोड."

मी सूप घेतलं. झेरॉक्सच्या दुकानात सुपाचं काम नाही, तरी घेतलं. वाटेत चालताना मला एक साधी गोष्ट कळली, जी चाळीस वर्षांत कळली नव्हती. मी समुद्रावर असायचो तेव्हा मला समुद्र ऐकू यायचा नाही. इंजिन असतं, माणसं असतात, हाताला काम असतं. ऐकत ती बसायची. वारा सुटला, होडी आली नाही, की किनाऱ्यावर उरतो तो नुसता आवाज. मी घरी आलो की म्हणायचो, काय तोंड पाडून बसलीस, आलो ना. ती म्हणायची, "आलास, बरं झालं," आणि चुलीकडे वळायची. तिच्या त्या किनाऱ्यावर बसून राहण्याला मी समुद्राची माया समजत होतो आणि तसं लिहीतही होतो, लोकांना सांगत होतो.

गुरुजींना फोन केला. म्हटलं, मला माफी मागायची आहे. ते म्हणाले, "नाना, तिला खाजगीत चार शब्द लिहा, कशाला बोभाटा?" मी म्हणालो, "गुरुजी, खोटं मी सगळ्यांसमोर म्हणालो. माफी कानात मागितली तर ती चोरी होते." त्यांना पटलं नाही, पण अडवलंही नाही.

मग मी ब्लॉगवर पोस्ट टाकली. लांब नाही. लिहिलं की रमिलानं जे लिहिलं ते खरं होतं, मी काशीबायला विचारून आलो. मी शेवटपर्यंत न वाचता बोललो. बडोद्यात बसून तुला काय आठवणार, असं बोललो ते तर बोलायचंच नव्हतं. सोडून गेलेल्या माणसाला गाव जास्त आठवतं हे मला माझ्यावरूनच कळायला हवं होतं. माझ्या बायकोबद्दल मी आजवर लिहिलं त्यात माझी चूक आहे. त्या पोस्टी मी काढणार नाही, पण प्रत्येकीच्या खाली तसं लिहीन. आणि रमिलानं तिची पोस्ट परत लावावी असं मी म्हणणार नाही. ती तिची आहे. वनितानं वाचून एकही अक्षर बदललं नाही. नुसती डोळे पुसत, बटणावर बोट ठेवून म्हणाली, "जाऊ दे?" मी म्हणालो, "जाऊ दे."

आठ दिवस काही नाही. ग्रुपातले दोघं-तिघं म्हणाले, नाना, तुम्ही एवढं वाकायला नको होतं. मी म्हटलं, मी वाकलो नाही, माझा गुडघाच वाकत नाही. चुकलो ते बोललो. ज्याला चुकलं म्हणता येत नाही त्यानं चारचौघांत लिहू नये, घरी वहीत लिहावं.

नवव्या दिवशी रमिलाचा निरोप आला. "काका, पोस्ट परत लावते. पण तुम्ही उद्या आणखी कुणाला खोटं म्हणाल." मी उत्तर बोललो, "म्हणीन. पण आधी पुरतं वाचीन, आणि मग विचारीन." तिनं हसणारं तोंड पाठवलं. मागोमाग लिहिलं, "आणि बडोद्याला या. इथं कुणाला बोंबील सुकवता येत नाही."

संध्याकाळी वनितानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आम्ही दोघांनी ती पोस्ट एकत्र वाचली. ती मोठ्यानं वाचत होती, मी ऐकत होतो. जिथं मी थांबलो होतो ती ओळ आली. त्याच्या पुढे असं होतं: मी त्या बाईला विचारलं, मग मावशी, तुम्ही इथंच का नाही राहत? ती हसली, तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "माझा माणूस पाण्यावर असतो. कुणीतरी ऐकत बसायला नको?"

वनिता पुढे वाचू शकली नाही. मी म्हणालो, वाच. मग तिनं वाचलं, शेवटपर्यंत.

आता गावाहून फोन येतो. धर्मा विचारतो, "नान्या, घरी कधी येतोस?" पूर्वी मी म्हणायचो, बघू, मुलीकडे आलोय थोडे दिवस. आता सांगतो, होळीला येईन, पाहुणा म्हणून, कोंबडी काप. त्याला राग येतो. येऊ दे. ते घर समुद्राजवळ होतं म्हणून ती तिथं राहिली असं मला वाटत होतं. ती तिथं माझ्यासाठी बसली होती. आता पाण्यावर माझं कुणी नाही. तुम्ही जे सोडून गेलात आणि मागे बघून झुरता, तुम्हाला माझं एवढंच सांगणं, ज्याच्यासाठी झुरता ते माणूस तिथं खरंच सुखात होतं का, हे एकदा कुणाला तरी विचारा. माझ्यासारखं उशिरा नको.

मी उधव्याचा झालो. तिला आठवड्यातला एक दिवस इथं मिळायचा. उरलेले सहा मी राहतो.