हिरवटांचा मळा

गल्लीत त्यांना 'हिरवट' म्हणत. म्हाताऱ्या माणसाला हिरवट म्हणणं शोभतं का? माणूस अगदी सज्जन हो, हिरवी होती ती त्यांची चित्रं. तीही मॉडर्न. म्हणजे वरपासून खालपर्यंत हिरवा रंग, मध्ये एक पिवळा पट्टा, आणि बघणाऱ्याने मान वाकडी करून 'वा!' म्हणायचं. नाव दर वेळी एकच, 'मळा'.

आई-वडील दिवसभर कामावर, म्हणून त्यांना आत्याने वाढवलं. आत्याची कवळी सैल. ती हाताने सावरत आत्या सांगायची, "लहानपणी तू मळ्यावर असायचास. काय सुख होतं रे!" त्यांनाही अंधूक आठवायचं: हिरवा उजेड, मऊ मऊ जमीन, आणि कोणी ओरडत नाही. एवढ्या भांडवलावर गड्याने आख्खी हयात काढली. मळा काकांनीच परस्पर विकला असणार, असं डोक्यात घेऊन बिचाऱ्या काकांशी बोलणंही टाकलं. काकांना शेवटपर्यंत कारण कळलं नाही. पण खरी टोचणी वेगळीच होती. आपल्याला तिथून का हाकललं? आपण असं काय केलं होतं? आत्याला विचारायची छाती काही झाली नाही.

मग त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. आत्या काठी टेकत आली, नवी घट्ट कवळी घालून. भिंतभर चित्रासमोर उभी राहिली, तसे हिरवट लगबगीने तिच्याशेजारी आले. तो मळा पाहिलेलं दुसरं माणूस जगात हे एवढंच उरलेलं.

"हे काय, शेवाळ?"

"अगं, मळा! आपला मळा!"

"कुठला मळा? आपल्याकडे साधी कुंडी नव्हती."

"तूच सांगायचीस ना, मी मळ्यावर असायचो!"

"माळ्यावर! माळ्यावर रे गाढवा!" नव्या कवळीतून काना कसा ठणठणीत बाहेर पडला. "स्वयंपाकघरावरचा माळा. तिथे जुन्या गाद्या होत्या. खिडकीला हिरवी ताडपत्री, तिला एक फाट, त्यातून पिवळं ऊन यायचं. तुला वर ठेवलं की तू गप्प."

हिरवट मटकन फरशीवर बसले. "म्हणजे काकांनी विकला नाही?"

"माळा कोण विकत घेतं?"

जन्मभराची कला एका कवळीने गिळली! लोक जमले. एकाला वाटलं, हाही प्रदर्शनाचाच भाग, तो 'वा!' म्हणाला.

"मग मला तिथून का काढलं?" हिरवटांचा आवाज लहान पोरासारखा झाला. "मी काय केलं होतं, आत्या?"

"काय करणार? वाढलास! डोकं छताला आपटायला लागलं, रोज नवं टेंगूळ." आत्याही शेजारी फतकल मारून बसली आणि डोळे बारीक करून चित्राकडे बघू लागली. "फाट जरा उजवीकडे होती. तुला खाली उतरवलं त्या दिवशी मी रडले होते रे. पोराला बघून येते म्हणायचे आणि घटकाभर तुझ्याशेजारी आडवी व्हायचे. तू उतरलास, मग मला वर जायला निमित्तच उरलं नाही."